पुढे एक चेनरिंग की दोन? (घाट, मुरूम आणि रविवारची गँग)

पायडलपंत (धागाकर्ता)

मंडळी, डोकं भंजाळलंय, म्हणून धागा काढतोय.

गेली चार वर्षं रोड सायकल चालवतो. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग (पायडलजवळची दातेरी चाकं), मागे ११-२८ ची कॅसेट (दातेरी चाकांचा संच, त्यातलं एकेक चाक म्हणजे कॉग), ११ स्पीड शिमानो १०५. माझं वजन ८२ किलो. मुक्काम पुणे, त्यामुळे आठवड्याला एकदा बोपदेव किंवा जुना कात्रज आणि महिन्यातून एकदा सिंहगड. सिंहगडावर दर वेळी दोनदा तरी पाय टेकतोच. एकदा तर वरच्या टप्प्यात सायकल ढकलत होतो, तेव्हा खाली उतरणाऱ्या एका आजींनी "बाळा, पंक्चर झाली का?" असं विचारलं. मी हो म्हणालो.

आता ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यावरही चालणारी, जाड टायरची) घ्यायचं घाटतंय. दोन पसंत पडल्यात. पहिलीला पुढे एकच ४० ची रिंग (म्हणजे वन बाय) आणि मागे १०-४५. दुसरीला पुढे ४६/३० (म्हणजे टू बाय) आणि मागे ११-३४. दोन्ही १२ स्पीड, दोन्हींना ४० मिमीचे टायर, किंमतही उन्नीस-बीस. दुकानदार म्हणतो, "साहेब, आता सगळं जग वन बायवर गेलं." रविवारच्या ग्रुपमधले म्हणतात, "वन बाय घेतलीस तर सपाटीला आम्ही तुझ्यासाठी थांबणार नाही."

साधारण ७० टक्के डांबर, ३० टक्के कालव्याकाठचा मुरूम आणि शेतरस्ते. गॅलरीत दोनच सायकली मावतात, एक मुलीची आहे. म्हणजे जुनी विकावी लागणार आणि नवीवरच सगळं भागवावं लागणार.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नुसता_वाचक

रुमाल टाकून ठेवतो. हा धागा पेटणार.

घाटमाथा

डोळे मिटून वन बाय घे. मी दोन वर्षं चालवतोय, पुढचा डिरेलर (चेन एका रिंगवरून दुसरीवर ढकलणारा) नावाची कटकट आयुष्यातून गेली. डाव्या हाताला काम उरत नाही, केळं खायला मोकळा. आणि चढाला वन बायचा गिअर केव्हाही हलका असतो, मागे एवढी मोठी ताटली असते म्हटल्यावर.

सरळमार्गी

असहमत. रोडवर वन बाय म्हणजे जिन्याच्या एकाआड एक पायऱ्या काढून टाकण्यासारखं आहे. ग्रुपमध्ये ३० च्या वेगाने चाललोय, एक गिअर जड होतो, दुसऱ्यात पाय गरगर फिरतात. मधला हवा असतो तो कॅसेटवर नसतोच. १०० किमीनंतर मांड्या बोलायला लागतात. ७० टक्के डांबर असेल तर टू बायच.

अप्पा_सदाशिव

आमच्या १९६८ सालच्या सायकलला पुढे एक, मागे एक, शिवाय चेनकव्हर. त्यावर मी, माझा धाकटा भाऊ कॅरिअरवर आणि दळणाचा डबा हँडलला. दिवेघाट चढून सासवडला मावशीकडे जायचो. पायडलपंत, तुम्ही फक्त नाश्ता वाढवा.

चक्रधारिणी

अप्पा, खरं सांगा, दिवेघाट चढवलात की ढकललात? 😀

अप्पा_सदाशिव

ढकलला. पण डबलसीट ढकलला.

दातेमोज्या

पंत, मत द्यायच्या आधी तुमच्याच आकड्यांनी गणित करून पाहू. गुणोत्तर म्हणजे पुढचे दाते भागिले मागचे दाते. पायडल एकदा फिरलं की मागचं चाक तितक्यांदा फिरतं.

तुमचा आत्ताचा सर्वात हलका गिअर ३४/२८, म्हणजे १.२१.
वन बायचा ४०/४५, म्हणजे ०.८९.
टू बायचा ३०/३४, म्हणजे ०.८८.

घाटमाथा, "केव्हाही हलका" हे इथेच बाद झालं. दोन्ही सायकलींचा हलका गिअर जवळपास एकच आहे. आता जड बाजू पाहू: ४०/१० म्हणजे ४.०, ४६/११ म्हणजे ४.१८. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ४० मिमीच्या टायरवर पहिलीचा वेग साधारण ताशी ४७.५ किमी येतो आणि दुसरीचा ४९.७. पंत, सपाटीला तुम्ही ४७ च्या वर कधी पायडल मारता?

आता सिंहगड. चढाचा एखादा तुकडा १२ टक्के धरू. तुम्ही आणि सायकल मिळून ९२ किलो. त्या चढावर ६० फेऱ्यांनी पायडल मारत राहायचं असेल तर तुमच्या १.२१ ला वेग ठेवावा लागतो ९.२, आणि नुसतं वजन वर उचलायलाच सुमारे २७५ वॅट लागतात. नव्या दोन्हींपैकी कुठल्याही सायकलवर वेग ७ च्या आसपास येतो आणि वॅट २१० च्या आसपास. टायरचं घर्षण आणि चेनमधला तोटा वेगळा. २७५ वॅट तासभर काढणारा माणूस रविवारच्या ग्रुपमध्ये सहसा नसतो, असला तर तो तुमच्यासाठी थांबत नाही.

म्हणजे तुम्ही पाय टेकता ते पुढे दोन रिंग आहेत की एक म्हणून नाही. ३४/२८ म्हणून.

पायडलपंत

दातेमोज्या, साष्टांग नमस्कार. सपाटीला ४७ मी फक्त खंबाटकीच्या उतारावर पाहिलाय, म्हणजे सपाटीला नाहीच. म्हणजे दोन्ही सायकली सारख्याच आहेत म्हणायचं का?

दातेमोज्या

टोकं सारखी आहेत. मधलं वेगळं आहे.

सरळमार्गी

तेच तर मी म्हणत होतो! मधलंच महत्त्वाचं. माणूस टोकाच्या गिअरवर किती वेळ असतो?

दातेमोज्या

थांबा, सरळमार्गी, तुमचाही दावा तपासून पाहू. १०-४५ मध्ये दाते असे असतात: १०, १२, १४, १६, १८, २१, २४, २८, ३२, ३६, ४०, ४५. आणि १२ स्पीडच्या ११-३४ मध्ये: ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २४, २७, ३०, ३४.

ग्रुप २८ च्या वेगाने चाललाय. वन बायवर तुमच्यासमोर तीन पर्याय: १४ च्या कॉगवर ७४ फेऱ्या, १६ वर ८५, १८ वर ९५. टू बायवर ४६ च्या रिंगला: १७ वर ७८, १९ वर ८८, २१ वर ९७. पायऱ्या दोन्हीकडे साधारण दहा-दहा फेऱ्यांच्याच! कारण मोठ्या रिंगला तुम्ही कॅसेटच्या मधल्या भागात बसता, आणि तिथे टू बायवाल्यांचेही दाते दोन-दोननेच वाढतात.

खरा फरक ३३ च्या पुढे पडतो. ३५ ला वन बायवर ८० किंवा ९३, अधेमधे काही नाही. टू बायवर ७५, ८१, ८६ अशा बारीक पायऱ्या मिळतात. म्हणजे ज्याचा ग्रुप ३५ ने जातो त्याने टू बाय घ्यावी. ज्याचा २८ ने जातो त्याने ग्रुपचं ऐकू नये.

नुसता_वाचक

😂 धाग्याचं गणिताचं पुस्तक झालं.

सरळमार्गी

कागदावर ठीक आहे. पण २८ ला मी लहान रिंगवर येऊन मागे १३-१४ वर बसू शकतो, तिथे पायऱ्या एका दाताच्या आहेत.

खटपट्या

लहान रिंग आणि मागे लहान कॉग? म्हणजे चेन पार तिरकी, पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याला घासत, करकर करत. बसा की, पण माझ्याकडे सायकल आणू नका.

वन बायचीही हीच गोम आहे, फक्त दुसऱ्या टोकाला. ४५ च्या ताटलीवर चढ चढताना चेन सर्वात तिरकी असते, आणि आपल्या घाटांत माणूस तासन् तास तिथेच. त्यात १० चा कॉग एवढा लहान की चेनच्या प्रत्येक कडीला तिथे जास्त वाकावं लागतं. परदेशात झालेल्या एका चाचणीत २५० वॅटला वन बायचा तोटा टू बायपेक्षा सरासरी सुमारे ३ वॅटने जास्त भरला होता. शर्यतवाल्याला ३ वॅट म्हणजे खूप. आपण निम्मे लोक चेनला महिनोन्‌महिने तेल दाखवत नाही, आपल्याला ३ वॅट काय सांगता.

चक्रधारिणी

मी कोल्हापूरची, ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पार करायच्या राइड) करते. माझा अनुभव थोडा वेगळा आहे, सविस्तर लिहिते.

२०० किमीची ब्रेव्हे साडेतेरा तासांत संपवायची असते, ३०० ची वीस तासांत. एवढ्या वेळात पायांना काय हवं ते सपाटीच्या गणितात बसत नाही. दुपारी दोननंतर समोरून वारा सुरू होतो, रस्ता दिसायला सपाट पण अर्धा-एक टक्का चढ, वेग २२. तेव्हा मला ८५ फेऱ्याच हव्या असतात, ७८ झाल्या की गुडघा कुरकुरतो, ९५ झाल्या की धाप लागते. माझी टू बाय आहे, पुढे ४८/३१. त्या वाऱ्यात मी लहान रिंगवर येते आणि मागे १३-१४-१५ मध्ये दोन तास खेळत बसते. चेन थोडी तिरकी असते, कबूल, पण घासत नाही, नीट लावलेली आहे. (खटपट्या, मी तुमच्याकडे सायकल आणत नाही, काळजी नसावी.)

पण हेही सांगते. मागच्या पावसाळ्यात आंबोली करताना सावंतवाडीच्या बाजूने वर चढत होते. धुकं, पाऊस, पर्यटकांच्या गाड्या. एका वळणावर चढ एकदम उभा झाला, मी गडबडीत मोठ्या रिंगवरून लहानवर टाकायला गेले, पायडलवर पूर्ण जोर होता, चेन खाली पडली ती क्रँक (पायडलचा दांडा) आणि फ्रेमच्या मध्ये जाऊन रुतली. क्लीट (बूट पायडलला अडकवणारी खुंटी) सुटली नाही. आडवी झाले. मागच्या गाडीवाल्याने ब्रेक मारला म्हणून ही पोस्ट लिहितेय. पुढचा गिअर चढ सुरू व्हायच्या आधी टाकायचा असतो हे मला माहीत होतं. थकल्यावर माहीत असलेलं आठवत नाही.

तर माझं मत: लांब पल्ला, वारा आणि शिस्त असेल तर टू बाय. थकल्यावर डोकं चालत नसेल तर वन बाय. माझं चालत नाही, तरी मी टू बायच वापरते, आता हे काय ते तुम्हीच ठरवा.

घाटमाथा

बापरे. ताई, ठीक आहात ना? आणि हेच मी म्हणत होतो, चेन पडण्याचा त्रासच नाही.

दातेमोज्या

चेन वन बायवरही पडते हो. २०२३ चा जिरो (इटलीची तीन आठवड्यांची सायकल शर्यत) आठवा. मोन्ते लुस्सारीचा टाइम ट्रायल, रोगलिचने त्या भिंतीसारख्या चढासाठी मुद्दाम पुढे एकच रिंग लावली होती, मागे १०-४४. ऐन चढावर खडबडीत रस्त्यात चेन पडली. उतरला, चेन बसवली, मागून ढकलून घेतला, पुन्हा निघाला, टप्पा जिंकला आणि १४ सेकंदांनी जिरोही जिंकला.

नुसता_वाचक

म्हणजे पंतांच्या पंक्चरवाल्या आजींनी रोगलिचलाही विचारलं असतं.

सरळमार्गी

आणि २०१८ ची ॲक्वा ब्लू स्पोर्ट टीम विसरलात? अख्खी टीम वन बाय रोड सायकलवर उतरवली होती. टीमचा मालकच उघडपणे म्हणाला की आमचे उंदरांसारखे प्रयोग चाललेत आणि त्यात शर्यती हातच्या जातायत. त्याच वर्षी टीम बंद पडली.

दातेमोज्या

बंद पडायचं कारण पैसा आणि शर्यतींची निमंत्रणं, चेनरिंग नव्हे. पण नाराजी खरी होती. तेव्हा मागे ११ च कॉग असायचे, पायऱ्या आजच्यापेक्षा जास्त अंतराच्या. शिवाय त्यांचा वेग ४५, आपला २८. म्हणून त्यांचं उदाहरण दोन्ही बाजूंनी निरुपयोगी आहे, मीही रोगलिच उगाच आणला.

कॅन्ससकर

इकडून थोडं. मी नोकरीनिमित्त कॅन्सस सिटीत असतो. इथून दोनेक तासांवर एम्पोरिया गाव, तिथे अनबाऊंड ग्रॅव्हल ही शर्यत होते, २०० मैल, फ्लिंट हिल्सच्या गारगोट्यांवरून. २००६ पासून चालू आहे. मी २०० वाली केलेली नाही, १०० वाली केलीय, तीही रडतखडत.

२०२३ ला सुरुवातीच्या काही मैलांतच पावसाने भिजलेला मातीचा रस्ता लागला. त्या चिखलाला इथे पीनट बटर म्हणतात. भलेभले सायकल खांद्यावर घेऊन चालत होते. चाक फिरेना, डिरेलर तुटले. लोक जर्सीच्या खिशात रंग ढवळायची चपटी काठी ठेवतात, चिखल खरवडायला. तेव्हा मला आमच्या बार्शीकडची काळी रानं आठवली. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर त्या गाडीवाटेने सायकल नेऊन दाखवा.

मुद्दा असा की चिखलात पुढचा डिरेलर म्हणजे मातीचं घरटं. दोन रिंगांच्या मध्ये, पिंजऱ्यात, क्रँकच्या मागे, सगळीकडे माती भरते आणि चेन लहान रिंगला चिकटून वर ओढली जाते. वन बायला एक जागा कमी. पण मागचा लांब डिरेलर जमिनीच्या जवळ लोंबतो, तोही गवत, काड्या गोळा करतोच.

सातारी_पंप

काळ्या मातीला काठी कशाला, बैल लागतो.

आमच्याकडचं ऐका. यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं, पुढे बामणोलीपर्यंत. मी ४० ला १०-५१ लावलंय. ०.७८. एवढा हलका की पहिल्या दिवशी तोल जाऊन पडलो, कारण वेग सहाच्या खाली. बाजूने चालत जाणाऱ्या बाईच्या डोक्यावर सरपणाचा भारा होता आणि ती माझ्या पुढे गेली. पण पाय टेकला नाही!

एक तक्रार. बारा स्पीडची ती मोठी कॅसेट झिजली तेव्हा साताऱ्यात मिळाली नाही, पुण्यात दोन दुकानांत नाही, शेवटी ऑनलाइन मागवली आणि तीन आठवडे सायकल भिंतीला टेकून. ८/९ स्पीडचं सामान कुठेही मिळतं. खेड्यापाड्यांत फिरणाऱ्याने हेही धरावं.

खटपट्या

पंपभाऊंनी बरं आठवण करून दिली. पंत, अजून एक लक्षात घ्या. १० दात्यांचा कॉग साध्या शिमानो फ्रीहबवर (मागच्या चाकाचा, कॅसेट बसते तो भाग) बसत नाही. शिमानोच्या १०-४५ ला मायक्रो स्प्लाइन नावाचं वेगळं फ्रीहब लागतं, स्रॅम कंपनीच्या कॅसेटला त्यांचं एक्सडीआर. म्हणजे जुन्या सायकलची चांगली चाकं नव्या वन बायला लावू असा मनसुबा असेल तर आधी हब बघा. टू बायच्या ११-३४ ला तो प्रश्न नाही.

वजनाचं म्हणाल तर लहान रिंग आणि पुढचा डिरेलर जाऊन जे वाचतं ते मागची ताटली बरंचसं खाऊन टाकते. फिटंफाट.

आणि वन बायची चेन खरंच पडू नये असं वाटत असेल तर दोन गोष्टी हव्यातच: रिंगवर जाड-बारीक, जाड-बारीक असे दाते (चेनच्या आतल्या-बाहेरच्या कड्यांत घट्ट बसतात) आणि मागच्या डिरेलरला क्लच (चेन ताणून धरणारा). स्वस्तात वन बाय करू म्हणून साध्या क्रँकची लहान रिंग काढून टाकणारे मी बघितलेत. पहिल्या खड्ड्यात चेन गळ्यात.

हापूस_ऑन_व्हील्स

रत्नागिरीकरांचं काय? आमच्याकडे ना तुमचे लांबलचक घाट, ना सपाटी. खाडी ओलांडली की सडा, सडा संपला की खाडी. आरे-वारे ते गणपतीपुळे, मग जयगड, तवसाळच्या जेटीने पलीकडे गुहागर. प्रत्येक चढ किलोमीटर-दीडचा, पण अंगावर येणारा. उताराच्या तळाला मोठ्या रिंगवर आणि वळण संपताच भिंत. दिवसाला पुढचे गिअर शंभर वेळा टाका. ५० वरून ३४ वर आलात की एका फटक्यात ३२ टक्के हलकं, पाय हवेत, म्हणून मागे दोन-तीन कॉग उलटे टाका, तोवर चढावर वेग गेलेला.

मी टू बाय विकली. वन बायवर एकाच हाताने खट खट खट. आंबे आले की या कधी.

दातेमोज्या

हापूस यांचा मुद्दा एकदम चोख. मी गुणोत्तरं मोजली पण गिअर टाकायला लागणारा वेळ मोजला नाही. लांब घाटात तो नगण्य, कोकणात सगळा खेळ तोच. (इलेक्ट्रॉनिक डिरेलर मागचे कॉग आपोआप सांभाळून घेतात, पण पंतांचं बजेट ते नसावं. मागच्या हबमध्येच दोन गिअर घालणारी बेल्जियमची क्लासिफाइडही आहे, तिचं तर बोलूच नका.)

अप्पा_सदाशिव

एक विचारू का? हा सगळा वाद ऐकून वाटतं की पायडलपंतांना खरं म्हणजे सिंहगड चढायचाय. ग्रॅव्हल मध्येच कुठून आली?

पायडलपंत

अप्पा, तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत.

खटपट्या

अप्पांना शंभर टक्के अनुमोदन. पंत, तुमच्या १०५ च्या मागच्या डिरेलरवर आतल्या बाजूला एसएस लिहिलंय की जीएस, बघून सांगा. आर ७००० असेल ना?

पायडलपंत

आर ७०००, एसएस.

खटपट्या

वाटलंच. तो आखूड पिंजऱ्याचा, कागदोपत्री ३० दात्यांपर्यंत. जीएस घ्या, जरा लांब पिंजऱ्याचा, तो ३४ पर्यंत जातो. ११-३४ ची कॅसेट टाका, चेन नवी आणि लांब. आणि लक्षात ठेवा, ११ स्पीड रोड हबवर ती ११-३४ बसवताना आधी १.८५ मिमीचा स्पेसर (पातळ कडी) लागतो, नाहीतर कॅसेट डुगडुगते आणि मग लोक मला शिव्या देतात. हलका गिअर येईल ३४/३४, म्हणजे एकास एक. दातेमोज्या, वॅट सांगा.

दातेमोज्या

त्याच १२ टक्क्यांवर ६० फेऱ्यांना ७.६ चा वेग, सुमारे २३० वॅट. २७५ वरून २३०. नव्या सायकलीच्या किमतीच्या किरकोळ भागात.

पण फुकट काही नाही. ११ स्पीडच्या ११-३४ मध्ये दाते ११, १३, १५, १७ असे उड्या मारत जातात, १२ आणि १४ जाणार. सरळमार्गींच्या ग्रुपमध्ये ते जाणवेल.

सरळमार्गी

जाणवेल. पण तो वर पोचला तर मी खाली उभा राहून वाट बघणार नाही, तेवढा फायदा मलाही आहे.

घाटमाथा

म्हणजे कुणीच वन बाय घेणार नाही? मी एकटाच पडलो.

कॅन्ससकर

घाटमाथा, मी आहे. फक्त साडेतेरा हजार किलोमीटर लांब.

पायडलपंत (सात आठवड्यांनी)

धागा वर आणतोय, कारण हिशोब द्यायला हवा.

जीएस डिरेलर, ११-३४, नवी चेन आणि तो स्पेसर (दुकानातला पोरगा विसरणारच होता, मी खटपट्यांचा प्रतिसाद मोबाइलवर उघडून दाखवला). पहिल्या रविवारी बोपदेव, उगाच खूप हलकं वाटलं, पाय हवेत फिरतायत असं. दुसऱ्या रविवारी सिंहगड. डोणज्याकडून साधारण नऊ किलोमीटर. एकदा पाय टेकला, पण तो वनखात्याच्या नाक्यावर, गाड्यांच्या रांगेत, तो धरायचा नाही असं माझं म्हणणं आहे. वर पिठलं-भाकरी, ताक. उतरताना ब्रेक पॅड संपल्याचं कळलं, तो वेगळा खर्च.

सपाटीला १४ चा कॉग आठवतो, सरळमार्गी बरोबर होते. ३१-३२ च्या वेगाला एक पायरी गायब आहे.

ग्रॅव्हलचं: दोन्ही सायकली कालव्यावर चालवून पाहिल्या. जुनी आता विकत नाही, त्यामुळे नवी ग्रॅव्हल डांबरावर फार जाणारच नाही. म्हणून वन बाय बुक केली, ४० आणि १०-४५. घाटमाथा, स्वागत करा. मुलीची सायकल माळ्यावर चढवायचा प्रस्ताव घरात मांडलाय, मुलगी अजून तयार नाही.

घाटमाथा

या, या! केळी घेऊन या.

चक्रधारिणी

नाक्यावरचा पाय धरायचा. नियम म्हणजे नियम.

अप्पा_सदाशिव

मीही धरतो. आम्ही ढकलत गेलो तेव्हा कुणी सोडलं नाही.

नुसता_वाचक

पंत, ती काढून टाकलेली ११-२८ विकणार का? माझ्याकडे ११ स्पीडच आहे, आणि मी फक्त सोलापूर रोडला जातो.

पायडलपंत

साडेतीन हजार किमी चाललीय, दाते बरे आहेत. आखूड डिरेलरही त्याच्यासोबत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.